भज्यांच्या तेलातला ओळंबा

आमच्या साइटवर खांब सरळ आहे का हे तपासायची वेळ आली की आधी भज्यांचा वास यायचा. पुण्यातल्या माझ्या आताच्या ऑफिसात मी हे सांगते तेव्हा लोक हसतात आणि पुढचं ऐकत नाहीत. सोलापूरकडची आहे, फिरून फिरून खाण्यावरच येणार, असं त्यांना वाटतं. पण मी अगदी कामाचं बोलत असते. दोष असलाच तर तो मामांचा.

मामा म्हणजे आमचे फोरमन. सख्खे कुणाचेच मामा नव्हते, पण क्रेनवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. सोलापुरात स्टँडच्या एका अंगाला मोठी इमारत उठत होती. खाली गाड्यांचे फलाट, त्यावर दुकानं, दुकानांवर ऑफिसं आणि सगळ्यांच्या डोक्यावर लॉज. सांगाडा पूर्ण लोखंडी. कारखान्यात कापून, भोकं पाडून आणलेले खांब आणि बीम इथं क्रेननं उचलायचे आणि बोल्टांनी एकमेकांना जोडायचे, असं काम. मी नातेपुत्याची, कॉलेजातून नुकतीच सुटलेली, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. मामांनी उभं केलेलं मी मोजायचं, कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची. म्हणजे पंचविशीसुद्धा न गाठलेल्या मुलीनं साठी ओलांडलेल्या माणसाच्या चुका काढायच्या. कंपनीलाही विनोदबुद्धी असते.

मामांचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. अर्धं आयुष्य जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या शेड उभ्या करण्यात गेलेलं. डोक्यावर पांढरी टोपी आणि तिच्यावर पिवळं हेल्मेट. हेल्मेट त्यामुळे नीट बसायचं नाही, बोलताना डुगडुगायचं. सेफ्टीवाल्यानं टोपी काढायला सांगितली की म्हणायचे, "टोपी बापाची हाय, हेल्मेट कंपनीचं. आदी कोन आलं सांगा की." सेफ्टीवाला दर सोमवारी विचारायचा आणि दर सोमवारी हरायचा.

सकाळी आले की आधी प्रत्येक खांबाला हात लावून यायचे. खांब त्यांच्या लेखी जावई आणि बीम म्हणजे सून. "खांबाकडनं लई अपेक्षा ठिवू नगा, म्याडम. ताट उभा ऱ्हायला म्हंजी झालं. भार सगळा बीमच उचलतोय." मी एकदा चेष्टेनं विचारलं की मग बोल्ट कोण, सासू का? मामांनी गंभीरपणे विचार केला. "न्हाय. बोल्ट म्हंजी शेजारी. कुनी त्येचं नाव घेत न्हाय, पन घर त्येच्यावरच टिकतंय."

आता तेलाचं. खांब सरळ आहे का हे बघायची मामांची रीत जुनी होती. खांबाच्या डोक्यावरून दोरी सोडायची, खालच्या टोकाला पितळी ओळंबा. खांबापासून दोरीचं अंतर वर जेवढं तेवढंच खाली भरलं की खांब सरळ. वाऱ्यानं ओळंबा डोलतो, म्हणून तो तेलाच्या डब्यात बुडता ठेवायचा, मग तो लवकर शांत होतो. बाकीचे लोक यासाठी गाडीचं जळकं तेल वापरतात. मामांना ते चालायचं नाही, हाताला लागलं तर भाकरीला वास येतो म्हणून. ते स्टँडवरच्या भजीवाल्याकडून तळून तळून काळं झालेलं तेल आणत. डबा खांबाशी ठेवला की फलाटावरचे प्रवासी नाक वर करून इकडंतिकडं बघायला लागत.

आणि हे सगळं आदल्या संध्याकाळी. ओळंबा लावायचा संध्याकाळी, बघायचा दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत. "ओळंब्याला रातभर झोपू द्यायचं. झोपमोड झाल्याला मानूस आन् झोपमोड झाल्याला ओळंबा, दोगंबी खरं बोलत न्हाईत." फरक सांगायचे तो सुतात. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर थोडं. मी मनात हिशोब करून मिलिमीटर लिहायची. माझ्याकडं तीन पायांवरचं दुर्बिणीचं यंत्रही होतं, तेच माप सेकंदात देणारं. मामा त्याला तिपाई म्हणत आणि तिच्यावर चहाचा कप ठेवायला बघत.

ड्रॉइंगवर खांबांना अक्षरं आणि आकडे होते. ते मामांच्या लक्षात राहत नसत, किंवा त्यांना लक्षात ठेवायचे नसत. ज्या फलाटावर खांब, त्या फलाटावरच्या पाटीचं नाव खांबाला. त्यामुळे आमच्याकडं सांगोला, बार्शी, अक्कलकोट, अकलूज असे खांब होते आणि त्यांच्यामधले बीम गाड्यांसारखे, बार्शी-अक्कलकोट वगैरे. एकदा क्रेनचा दोर अडकला तेव्हा मामा वरून ओरडले, "सांगोला आज हलत न्हाय! उद्या सकाळच्याला बगू!" खाली डाळिंबांच्या रिकाम्या पाट्या घेऊन बसलेली एक म्हातारी ताडकन उठली ती थेट चौकशीच्या खिडकीवर. "घरी सून बाळंत व्हायला आलीया आन् गाडी हलत न्हाय म्हंजी काय?" खिडकीतला माणूस गाडी वेळेवर आहे म्हणून शपथेवर सांगत होता, पण म्हातारीनं वरून आलेला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता. शेवटी मामा खाली उतरले, तिच्या पाट्या उचलून गाडीत ठेवल्या, तिला खिडकीशी बसवलं आणि म्हणाले, "मावशी, तुमची गाडी जाती. माजा खांब जात न्हाय." म्हातारीला त्यातलं काही कळलं नाही, पण तिनं मामांना आशीर्वाद दिला.

मामांच्या या साऱ्या तऱ्हा साहेब चालवून घेत, त्याला कारण होतं. ऑक्टोबरमध्ये पुण्याहून सल्लागार आले होते. भर दुपारी तीनला त्यांनी आपलं यंत्र लावलं आणि बार्शी पूर्वेला कलला आहे म्हणून सांगितलं. ओढून सरळ करा असा लेखी हुकूम. मामा खांबाच्या आडवे उभे राहिले. "उनात कोनबी अंग चोरतंय की सायेब. मावळतीचं ऊन लागलं की खांब उगवतीला सरकतोय. सकाळी या, त्यो जाग्यावर असंल." सल्लागार हसले, पण माणूस प्रामाणिक होता. मुक्काम करून सहाला आला, बघतो तर खांब जागच्या जागी. ऊन लागलेली बाजू तापून लांबते आणि खांब उलटीकडं झुकतो हे त्यांनाही पुस्तकातून ठाऊक होतंच, सोलापूरच्या उन्हातलं मात्र ठाऊक नव्हतं. जाताना त्यांनी मामांना नमस्कार केला.

त्या नमस्कारानं घोटाळा केला. मामा आता कुणाचंच ऐकेनात. "चाळीस वरसं झाली, माजा एकबी खांब मागं घ्यावा लागला न्हाय," हे वाक्य आधी महिन्यातून एकदा यायचं, ते आता चहाबरोबर यायला लागलं. आणि नुसते मामाच बिघडले असं नाही, मीही बिघडले. माझ्या कागदावर प्रत्येक खांबापुढं दोन रकाने होते, एक ओळंब्याचा आणि एक यंत्राचा. ओळंब्याचं माप आलं की यंत्राच्या रकान्यात तेच, एखादा मिलिमीटर इकडचा तिकडं करून, लिहायला मी कधी सुरुवात केली मला आठवत नाही. मामांचा ओळंबा आणि यंत्र यांच्यात फरक येतच नसे. मग उगाच ते ओझं कशाला बाहेर काढा?

जानेवारीत मामा म्हणाले, "म्याडम, उद्या तुमचं गाव सरळ करायचं." नातेपुत्याच्या फलाटावरचा खांब उभा झाला होता. मी वडिलांना फोन करून सांगितलं. वडील शाळेत क्लार्क. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं की माझी मुलगी सोलापूरच्या स्टँडवर नातेपुते उभं करतेय.

त्या सकाळी थंडी अशी होती की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मामा डब्याशी बसले होते, खुशीत. "बगा, आज किती निवांत हाय. जरासुदीक हलत न्हाय." खरंच, मी इतका स्थिर ओळंबा कधी पाहिला नव्हता. खाली दोरी खांबापासून तीन सूत जास्त निघाली. हाताखालच्या पोरांनी खांबाला बांधलेली तार आवळून तीन सूत भरून काढलं, नट कसले, मामा म्हणाले, "बरूबर." यंत्र खोलीत होतं. मी शाल सोडली नाही. दोन्ही रकाने भरले, सही केली, आणि दुपारी खांबाच्या तळाच्या बेसप्लेटखाली सिमेंटचा मसाला भरून खांब पक्का केला गेला.

चौथ्या दिवशी अकलूज-नातेपुते बीम वर गेला. अकलूजकडचे बोल्ट बसले. नातेपुत्याकडं भोकासमोर भोक येईना. मामांनी आधी कारखान्याला शिव्या घातल्या. बीम खाली घेऊन मोजला, बीम बिनचूक. मग यंत्र आणलं गेलं. मीच लावलं. आकडा दोनदा वाचला. नातेपुते तीन सूत बाहेर.

मामांनी दुर्बिणीत डोळा घातला. आयुष्यात पहिल्यांदा. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढला नाही.

साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. कागद समोर होता. "इथं यंत्राचं माप लिहिलंय, एक मिलिमीटर. आज नऊ निघाले. खांब चार दिवसांत चालत गेला का?" मी कागदावरच्या माझ्या सहीकडं बघत राहिले. "यंत्र लावलं होतं?" साहेब वाईट नव्हते, आवाजही चढवला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली. "उद्या सकाळी लेखी द्या. खोट्या सहीला माझ्याकडं जागा नाही. बोलीचे सहा महिने याच महिन्यात संपताहेत." बाहेर आले तर मामा कुठंच नव्हते. भजीवाल्याकडं गेलेत, असं कुणीतरी म्हणालं. माझी नोकरी जायला निघाली होती आणि हा माणूस भजी खायला गेला होता. मला त्यांचा इतका राग आला की रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढं उभी होते, हातात लिहिलेला कागद, तो द्यायचा धीर होत नव्हता. दार ढकलून मामा आत आले. हेल्मेट नाही, नुसती टोपी. हातात तेलाचा डबा. डब्यात ओळंबा उभा, वर दोरीचं शेपूट.

"ह्ये बगा, सायेब." आणि त्यांनी तो डबा साहेबांच्या टेबलावर सरळ पालथा धरला.

साहेब खुर्चीसकट मागं सरकले. मी दोन्ही हातांनी ड्रॉइंग ओढली. काहीही सांडलं नाही. मामांनी डबा हलवला, तरी नाही. पालथ्या डब्यात ओळंबा रुतून बसला होता आणि दोरीचं शेपूट तेवढं खाली लोंबत होतं.

"तेल न्हाय ह्ये. थिजून पार तूप झालंय," मामा म्हणाले. "काल सांजच्याला पुन्ना भरून ठिवला, बगावं म्हनलं. आदी त्यो भजीवाला शेंगतेल वापरायचा, ते थिजत न्हाय. दिवाळीपासनं पामतेलावर आलाय. पाटी तीच, तेल दुसरं. थंडीत ह्येचा दगड हुतोय. आन् स्टँडवरचं कुत्रं वासाला येतंय, डबा चाटतंय, ढकलतंय. पातळ तेलात डबा सरकला तरी ओळंबा आपल्या जाग्यावर ऱ्हातोय. थिजल्यावर डबा जितं, ओळंबा तितं. ह्यी बगा जीभ." त्यांनी डबा सुलटा केला. वरच्या थरावर जिभेचे ओरखडे स्पष्ट होते. "मी निवांत हाय निवांत हाय म्हनत हुतो. त्यो निवांत नव्हता, अडाकला हुता."

साहेबांना हसावं की रागवावं कळेना. "म्हणजे चूक भजीवाल्याची?"

"त्येचं तेल भज्यासाटी हाय, खांबासाटी न्हाय. डबा माजा, ओळंबा माजा, चूक माजी. खांब मागं घ्यायचा."

'मागं घ्यायचा' हे शब्द बोलताना त्यांची मान खाली गेली. चाळीस वर्षं जपलेली गोष्ट त्यांनी त्या टेबलावर पालथी केली होती, हे मला तेव्हा समजलं.

"आणि यंत्र का लावलं नाही?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

"म्याडम लावत हुत्या," मामा म्हणाले. "मीच नगं म्हनलं. तिपाई झोपू द्या म्हनलं."

हे साफ खोटं होतं. ओळंबा खोटं बोलत नाही म्हणून जगाला सांगत फिरणारा माणूस माझ्यासाठी साहेबांच्या तोंडावर खोटं बोलत होता, आणि तेही वाईट बोलत होता, कारण बोलताना नजर छताला लावली होती. मला ते सहन झालं नाही. "नाही साहेब. मी लावलंच नाही. मामांनी नको म्हटलं नव्हतं. सही माझी आहे."

"तुमी गप बसा की म्याडम."

"तुम्ही गप्प बसा मामा. मी आधी लिहून आणलंय."

"मीबी लिवून देतो. पेन आना."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. "काल एक जण कबूल होत नव्हता, आज दोघं भांडताय! दोघं बाहेर जा आणि खांब सरळ करा. मॅडम, यापुढं आधी यंत्र, मग ओळंबा, मग सही. मामा, यापुढं पाणी वापरा. आणि तो डबा न्या इथनं, ड्रॉइंगला वास लागेल."

माझी नोकरी टिकली. मामांचं वाक्य गेलं. चहाची वेळ व्हायची, मामा तोंड उघडायचे, 'चाळीस वरसं' पर्यंत यायचे आणि चहा प्यायला लागायचे. बेसप्लेटखालचा मसाला त्यांनी स्वतः छिन्नीनं फोडला. तीन दिवस लागले. पोरं हात लावायला आली की हाकलत. त्या तीन दिवसांत त्यांनी खांबाचं नाव घेतलं नाही, नुसतं 'ह्यो' म्हणायचे. सकाळी सहाला मी यंत्र लावलं, त्यांनी ओळंबा लावला, पाण्यात. दोन्ही जुळलं. "आता तुमच्या वडलांना सांगा," ते म्हणाले. भजीवाल्याशी त्यांनी भांडण केलं नाही. फक्त म्हणाले, "तेल कंचंबी वापर, पाटी तेवडी पूस." दुसऱ्या दिवशी पाटीवरचं 'शेंगदाणा तेल' पुसलेलं होतं. मामांनी मात्र तिथली भजी पुन्हा खाल्ली नाहीत.

परवाच्या डिसेंबरात मी सकाळी लवकर सोलापूरला उतरले, गावी जायला. इमारत पूर्ण झालेली, लॉजवर दिवे लागलेले, खांबांना निळा रंग. नातेपुत्याच्या फलाटावर बाकावर मामा बसलेले. टोपी तीच, हेल्मेटाविना डोकं लहान दिसत होतं. काम संपून त्यांना दोन वर्षं झाली होती.

"मामा, कुठं निघालात?"

"कुटं न्हाय. नातवाकडं असतोय हितंच. सकाळच्याला येतो फिरत." मग त्यांनी हनुवटीनं खांबाकडं दाखवलं.

खांबाला लागून पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्याचा गाळा होता. गाळ्यापुढं लिंबू-मिरची टांगलेली. पण एवढ्या लांब दोऱ्याची लिंबू-मिरची मी जन्मात पाहिली नव्हती. वरच्या बीमपासून निघालेला दोरा, खांबाच्या कडेला समांतर, पार माणसाच्या गुडघ्यापर्यंत.

"मामा, हे तुम्ही केलंय?"

"त्येला सांगितलं, नजर लई लांबनं लागती, दोरा लांब पायजे. दर शनवारी नवं लिंबू बांदतोय बिचारा." मामा हसले. "लिंबाला तेल लागत न्हाय."

"आणि बाकीचे खांब?"

"त्येंच्याकडं कशाला बगायचं? ते सरळच हायेत. ज्यो एकदा चुकलाय, त्येच्यावर नजर ठिवावी लागती."

मी एक डोळा मिटला आणि दोऱ्याची रेघ खांबाच्या कडेशी लावून पाहिली. ऊन अजून आलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत अंतर सारखं.

"बरोबर आहे मामा."

"तिपाई लावता का न्हाय आता?"

"रोज लावते."

"थंडी असली तरी?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या दिवशी साहेबांपुढं मी चूक कबूल केली होती, पण थंडीपायी यंत्र आणायला उठले नाही, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मामा लिंबाकडं बघत होते, अगदी निरागस चेहऱ्यानं.

"थंडी असली तरी," मी म्हणाले.

"मंग जावा. गाडी लागली तुमची. ह्याच्याकडं बगायला मी हाय."

गाडीत बसले आणि काच पुसून बाहेर पाहिलं. मामा उठून खांबाशी गेले होते. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा त्यांनी एक डोळा मिटलेला होता. माझ्या 'बरोबर आहे'ची ते फेरतपासणी करत होते.